दानाची गोपनीयता आणि आपली नोंद

घरगुती उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणासाठी शासकीय कर्मचारी दारी येतो. धान्य, औषधे, शाळेची फी यांसोबत तो कुटुंबाचा धर्मही विचारतो. मग विहाराला दिलेले दानही उघड होईल, अशी शंका पालक आमच्याजवळ व्यक्त करतात. वस्तुतः रोख दान या सर्वेक्षणात उपभोग खर्च मानले जात नाही. शिवाय सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ नुसार घेतलेली माहिती कुटुंबाची ओळख पटेल अशा रीतीने प्रसिद्ध करता येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गोपनीयता हा मूलभूत अधिकार मानला. दान ही दात्याची खाजगी बाब आहे. परंतु १९५६ च्या धम्मदीक्षेने लाभलेली ओळख लपविण्याची नव्हे. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ अशीच नोंद निर्भयपणे करवावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.