ओस पडलेलं महाबळेश्वरचं चर्च

महाबळेश्वर म्हटलं की आपल्याला स्ट्रॉबेरी आठवते. आज तिथल्या एका चर्चबद्दल बोलू. नाव क्राइस्ट चर्च. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, आता ओस पडलेलं.

मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२९ च्या सुमारास साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून हा डोंगर घेतला, साहेबलोकांच्या हवापालटासाठी. साहेब आले की रविवारच्या प्रार्थनेला जागा लागणारच. १८४२ मध्ये चर्च उभं राहिलं. १८६७ मध्ये ते वाढवून जवळजवळ नव्यानं बांधलं.

पण ते चालायचं कुणाच्या जिवावर? गोरे लोक उन्हाळ्यात यायचे आणि पाऊस लागला की खाली उतरायचे. अशा चर्चच्या पाद्र्यांचा पगार सरकारी खजिन्यातून व्हायचा, म्हणजे आपल्याच आजे-पणज्यांनी भरलेल्या साऱ्यातून! गावातली माणसं जमली, त्यांनी वर्गणी काढली, असं तिथे घडलंच नाही.

१९४७ नंतर साहेब गेले, सरकारी पगारही थांबला. मागे राहिली इमारत आणि पाऊस. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्या गोंदियाच्या जवळपास चौपट. आपल्या घराचंच पाहा ना. एक कवेलू फुटलं आणि त्याच साली बदललं नाही, तर पाणी लाकडात मुरतं, लाकूड कुजतं, मग छप्परच बसतं. एवढ्या मोठ्या इमारतीचं काय होत असेल!

बचत गटांच्या नावानं बांधलेली काही सभागृहं आठवतात का? बाहेर उद्घाटनाची पाटी, आत तणसाचा ढीग. बांधायला पैसा मिळाला, पण वीजबिल, झाडलोट, दुरुस्ती कुणाकडे, हे ठरावात लिहिलंच नव्हतं.

त्याच काळातलं दुसरं चर्च आपल्या जवळ आहे, नागपूरच्या सदर भागातलं ऑल सेंट्स. १८५१ चं. बांधलं तेही इंग्रजांनीच. पण नागपुरात बारा महिने राहणारी ख्रिस्ती कुटुंबं होती. इंग्रज गेल्यावर त्यांनी ते आपलं म्हणून सांभाळलं. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा पंथांची मंडळी नागपुरातच एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. ऑल सेंट्समध्ये आजही दर रविवारी प्रार्थना होते.