परग्रहीय कीटकराक्षस

विज्ञानसाहित्यातील एक रूढ पात्रप्रकार. बटबटीत डोळे, सांधेदार पाय, कठीण कवच व प्रचंड आकार असलेला, पृथ्वीवर आक्रमण करणारा परग्रहवासी असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. एच. जी. वेल्स याने ‘द फर्स्ट मेन इन द मून’ (१९०१) या कादंबरीत मुंग्यांप्रमाणे श्रमविभागणी असलेला चंद्रवासीयांचा समाज रंगविला. पुढे ‘अमेझिंग स्टोरीज’ (स्थापना १९२६) व तत्सम अमेरिकन मासिकांच्या भडक मुखपृष्ठांनी ही प्रतिमा लोकप्रिय केली. रॉबर्ट हाइनलाइनच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’मध्ये (१९५९) मानवाचे युद्ध कीटकसदृश शत्रूशीच आहे. शत्रूला कीटक ठरविले, की त्याच्या संहाराविषयी प्रश्न उरत नाही, हा या प्रतिमेतील धोका होय. रुआंडातील १९९४ च्या वंशसंहारात तुत्सी लोकांना ‘झुरळे’ म्हटले गेले होते. याउलट स्टॅन्ली वाइनबॉमच्या ‘ए मार्शन ओडिसी’ (१९३४) या कथेतील परग्रहवासी विचित्र दिसत असूनही मानवाचा मित्र ठरतो.

जीवशास्त्रदृष्ट्या असा राक्षस संभवत नाही. कीटकाची लांबी दसपट केल्यास पायांचा छेद शंभरपट, परंतु वजन सहस्रपट वाढते. श्वासनलिकांतून शरीराच्या अंतर्भागास ऑक्सिजन पुरविणेही कठीण होते. कीटकांचे खरे सामर्थ्य संख्येत असते. सातारा-सांगली भागातील उसाची मुळे कुरतडणारी हुमणी ही अळी बोटभरही नसते, पण ती उभे पीक वाळविते.

मराठी वाचकाला राक्षस परिचित आहे तो पुराणांतून व रंगभूमीवरून. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ हा नाट्यप्रयोग केला. त्यातून रूढ झालेल्या पौराणिक नाटकांत राक्षसपात्र राळेच्या भडक्यात, आरोळ्या ठोकीत व तलवार फिरवीत प्रवेश करी. कीटकराक्षसाप्रमाणेच त्याचे भय मुख्यतः दर्शनात होते. आधुनिक मराठी विज्ञानकथेने मात्र हे भय बाह्य रूपापासून वेगळे केले. ‘कृष्णविवर’ (१९७४) या कथेने विज्ञानकथालेखनास प्रारंभ करणारे जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत संकट ओढवते ते प्रगत, बुद्धिमान यंत्रमानवामुळे. शत्रू कसा दिसतो यापेक्षा मानवाने कोणते ज्ञान कितपत विवेकाने वापरले, हा प्रश्न तेथे महत्त्वाचा ठरतो.