लोत्रेकचं 'ते' चित्र

फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं 'रू दे मूलाँवरच्या दिवाणखान्यात' (1894) हे चित्र पडद्यावर आलं की कुणीतरी डोळे मिचकावतंच. कुंटणखान्याचं चित्र म्हणजे आंबटशौकिनांसाठीच काढलेलं, हे न बघताच ठरलेलं असतं. अहो, एकदा नीट बघा तरी!

लाल बैठकांवर बायका बसल्यात. पुढची एक पाय मुडपून, हाताने तो धरून. कुणी कुणाशी बोलत नाही, तुमच्याकडेही बघत नाही. चित्रात पुरुष एकही नाही. पलीकडे फिकट गुलाबी झग्यातली बाई ताठ बसलीय, गळाबंद, बाह्या मनगटापर्यंत. ती बहुधा मालकीण. उघडं म्हणावं असं अंग उजव्या कडेला, शेमीज वर धरून उभ्या असलेल्या बाईचं. आणि नेमकी तीच चौकटीने अर्धी कापलीय. चाळवायचंच असतं तर चित्रकाराने तिला मधोमध नसतं आणलं? इथे दिसतं ते गिऱ्हाइकाची वाट बघत बसणं, बाकी काही नाही.

पॅरिसमध्ये तेव्हा हा धंदा कायदेशीर होता. बायकांची पोलिसांकडे नोंद असे, डॉक्टरी तपासणी सक्तीची असे. तपासणीसाठी शेमीज वर धरून उभ्या असलेल्या दोघींचं चित्रही लोत्रेकने त्याच साली काढलं. ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात कुणाला शृंगार दिसत असेल तर त्याला कोपरापासून नमस्कार. पुढे 1896 मध्ये त्याने 'एल' हा शिळाछापांचा संच काढला. प्रती फक्त 100. विषय काय, तर अंग धुणं, केस विंचरणं, अंथरुणातला नाश्ता. तरी संच खपला नाही. शौकिनांना हवं ते त्यात नव्हतंच.

"मग प्रदर्शनात कुंटणखान्याची चित्रं कुलपात का ठेवली होती?" हा प्रश्न हमखास येतो. ठेवली होती हे खरं. 1896 च्या प्रदर्शनात ती वेगळ्या खोलीत होती आणि निवडक लोकांनाच दाखवली गेली. डोळे मिचकावणारे तेव्हाही होते, एवढंच त्यावरून कळतं.

दुसऱ्या टोकाला 'बिचाऱ्या अबला' म्हणून गहिवरणारे असतात. त्यांनाही चित्र साथ देत नाही. या बायका रडत नाहीत, कंटाळल्यात.

बाकीचे गैरसमज झटपट. रू दे मूलाँ म्हणजे मूलाँ रूझ नव्हे: ते माँमार्त्रमधलं नाचगाण्याचं ठिकाण, हा वेगळ्या भागातला रस्ता. चित्र तिथे बसून एका रात्रीत रंगवलेलं नाही. आधी अभ्यासचित्रं झाली, मोठं पेस्टल झालं, मग स्टुडिओत तैलचित्र. लोत्रेक जन्मतः बुटका नव्हता. आई-वडील सख्खी मावस भावंडं, हाडं मुळातच कमजोर, तेराव्या-चौदाव्या वर्षी दोन्ही मांड्यांची हाडं मोडली आणि पाय वाढायचे थांबले. उंची साधारण पाच फूट. आणि उपाशी कलावंत तर तो मुळीच नव्हता. बाप काउंट होता.

चित्र आज फ्रान्समध्ये आल्बीच्या तुलूझ-लोत्रेक संग्रहालयात आहे. ही इमारत पूर्वी बिशपचा वाडा होती. चित्राची रुंदी सव्वा मीटरहून जास्त आहे. मोबाइलवर बघणार असाल तर निदान मोठं करून बघा.