जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक : दोन्ही चाके सारखी थांबतात का?

कर्जाचे हप्ते फिटतात. ट्रॅक्टर मात्र पुढेही वर्षानुवर्षे राबतो. त्याच्या मागील दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक व स्वतंत्र पेडल असते. बांधाजवळ वळताना एकाच बाजूचे पेडल वारंवार दाबल्यास त्या बाजूचे लायनर लवकर झिजते आणि समतोल बिघडतो. भरलेली ट्रॉली मागे असताना हा दोष जीवघेणा ठरू शकतो.

तपासणीसाठी ट्रॉली सोडून, सपाट मोकळ्या जागी ट्रॅक्टर संथ चालवावा आणि कडीने जोडलेली दोन्ही पेडल दाबावीत. ट्रॅक्टर उजवीकडे ओढला गेल्यास दोष बहुधा डाव्या ब्रेकमध्ये असतो. नंतर ट्रॅक्टर उभा करून प्रत्येक पेडल वेगळे दाबावे. स्पंजासारखे लागून पुन्हापुन्हा दाबल्यावर ते घट्ट होत असेल, तर नळीत हवा शिरलेली असते. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर गळती समजावी. पेडल घट्ट असूनही पकड नसल्यास लायनर तेलाने माखलेले असण्याचा संभव असतो.

ब्रेकचे तेल पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे; भलत्या तेलाने रबरी सील खराब होतात. लायनर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे. दोष दूर होईपर्यंत ट्रॉली जोडू नये, आणि रस्त्यावर येण्यापूर्वी पेडलांची कडी लावण्यास विसरू नये.