बालवाडीतले बाक

वास्तुकला व डिझाइन शिकविणाऱ्या महाविद्यालयांत एका प्रकारची स्पर्धा भरत असते. विद्यार्थी खुर्च्या, बाके, पुस्तकांची कपाटे स्वतः कल्पितात, स्वतः घडवितात, त्यांचे प्रदर्शन मांडले जाते. मग त्या वस्तू लिलावात विकून येणारा पैसा गावातील एखाद्या अनाथालयास अथवा वाचनालयास देण्यात येतो, किंवा त्या वस्तूच संस्थेकडे पाठविल्या जातात. वरवर पाहता दोन्ही प्रकार सारखेच. परंतु पहिल्या प्रकारात खुर्ची कोणा हौशी श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाते. ती बसण्यास गैरसोयीची असली तरी फारसे बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारात तिच्यावर कोणीतरी रोज बसणार असते, आणि देणगी म्हणून आलेली वस्तू नाकारण्याचे धैर्य लहान संस्थेच्या अंगी सहसा नसते.

स्पर्धेतील यश आणि वापरातील यश यांत किती अंतर असते, हे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४८ साली घेतलेल्या स्पर्धेवरून कळते. युद्धोत्तर काळातील लहान घरांना परवडेल असे स्वस्त फर्निचर तिला हवे होते. चार्ल्स ईम्स यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभियंत्यांच्या साहाय्याने, पत्रा दाबून केलेल्या अखंड कवचासारख्या खुर्च्या सादर केल्या. आसनांच्या विभागात दुसरे पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. पण कारखान्यात त्या तशा काढणे महाग पडते असे दिसून आले. शेवटी आकार राखून द्रव्य बदलावे लागले, आणि १९५० साली ती खुर्ची बाजारात आली ती फायबरग्लासची होऊन.

हेच चार्ल्स ईम्स आणि त्यांच्या पत्नी रे पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून या देशात आले. १९५८ साली त्यांनी दिलेल्या अहवालातून अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन ही संस्था १९६१ मध्ये उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वाधिक वाखाणलेली वस्तू म्हणजे आपला साधा लोटा! त्यात पाणी किती मावावे, ओतताना तोल कसा राहावा, धरणारा हात केवढा, तो कमरेवर न्यावयाचा की डोक्यावर, मोडीत घातल्यास धातूचे काय मोल येईल, असे प्रश्न त्यांनी मांडले.

बालवाडीच्या बाकालाही असेच प्रश्न विचारले पाहिजेत. बसणाऱ्या मुलाचे पाऊल जमिनीला टेकते काय? टाचेपासून गुडघ्याच्या वाकापर्यंतची उंची तीन वर्षांच्या मुलाची वेगळी, सहा वर्षांच्या मुलाची वेगळी. पाय लोंबकळत राहिले की मांडीखाली कड रुतते आणि मूल चुळबुळ करू लागते. बाईंना ते उगाच अवखळ वाटते. शिवाय सकाळी बालवाडी, दुपारी शिवणवर्ग आणि संध्याकाळी भजन असे एकाच खोलीचे तीन संसार असतील, तर बाके एकावर एक रचून भिंतीशी लावता आली पाहिजेत, आणि तीही एकट्या सेविकेला. फरशी रोज धुतली जाणार, म्हणून पायांची टोके भिजणार. मोडलेला भाग गावच्या सुताराला त्याच्या नेहमीच्या हत्यारांनी बदलता यावा. शहरातून मागवावा लागणारा एखादा खास स्क्रू म्हणजे त्या बाकाची अडगळीकडे रवानगीच.

आणि बाक हवेच कशाला, हाही प्रश्न विद्यार्थ्याने विचारावा. पेढीवरच्या मुनीमजींचे उतरते डेस्क मांडी घालून बसणाऱ्यासाठीच घडलेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी व अनुताई वाघ यांनी माती, शंख-शिंपले, बिया अशा परिसरातील वस्तूंतूनच साधने घडविली. हाताशी काय आहे आणि मूल कसे वागते, हे त्यांनी आधी पाहिले होते.

स्पर्धेच्या आयोजकांनी परीक्षकमंडळात त्या बालवाडीच्या सेविकेला बसवावे, आणि पारितोषिकाची निम्मी रक्कम एक पावसाळा उलटल्यावर, तिचा अभिप्राय घेऊन द्यावी. तोवर बाकाचा एखादा पाय डगमगू लागलाच, तर सांधा पुन्हा घट्ट कसा करावयाचा, हे विद्यार्थ्याला तिथल्याच सुताराजवळ बसून शिकता येईल.