फोटोवरची तारीख, नाव किंवा लोगो पुसायचाय? आधी हे समजून घ्या

घरातले जुने अल्बम मोबाईलवर घेण्याचं काम सध्या घरोघरी चालू आहे. आजोबांच्या फोटोवर कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापलेली असते. निकाहच्या फोटोवर स्टुडिओचं नाव असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एखाद्या फोटोवर वृत्तसंस्थेचा शिक्का असतो. तिन्ही वेळा मनात एकच प्रश्न येतो, हे पुसता येईल का?

येतं. पण या तिन्ही गोष्टी सारख्या नाहीत. पहिली सरळसरळ घरचं काम आहे, दुसरी हक्काची आणि व्यवहाराची बाब आहे, आणि तिसरी थेट गुन्ह्यापर्यंत जाऊ शकते.

पुसतो म्हणजे नेमकं काय करतो?

बऱ्याच जणांना वाटतं की अक्षरांच्या खाली मूळ फोटो दडलेला असतो आणि अ‍ॅप तो वर काढतं. तसं नसतं. अक्षरं ठळक, अपारदर्शक असतील तर त्या जागेचं मूळ चित्र त्या फाईलमध्ये उरलेलंच नसतं. अ‍ॅप आजूबाजूचा रंग आणि पोत बघून तिथे अंदाजाने ठिगळ लावतं. पुसट, आरपार दिसणारा वॉटरमार्क असेल तर मूळ चित्र आणि खूण यांचे रंग मिसळलेले असतात, त्यामुळे थोडंफार मूळ परत मिळू शकतं. गुगलच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवून दिलं होतं की एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर जसाच्या तसा असेल तर संगणक ती खूण आपोआप ओळखून वेगळी काढू शकतो. म्हणून फोटोग्राफर बांधवांनीही लक्षात ठेवावं, प्रत्येक फोटोवर एकाच जागी एकच ठसा मारणं म्हणजे पक्कं कुलूप नव्हे.

घरचा फोटो असेल तर असं करा

सगळ्यात आधी फोटोची प्रत काढा. मूळ फाईलला हात लावू नका. तारीख अगदी कडेला असेल तर कापून टाका, म्हणजे क्रॉप करा. हा सगळ्यात प्रामाणिक उपाय, कारण यात काही बनवावं लागत नाही.

कापता येत नसेल तर मोबाईलवर स्नॅपसीडमधलं 'हीलिंग' किंवा गुगल फोटोजमधलं 'मॅजिक इरेजर' वापरा. फोटो मोठा करून एकेक अक्षर हळूहळू पुसा. एकदम सगळ्यावर बोट फिरवलं की डाग पडतो. संगणकावर गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यातलं 'हील' टूल घ्या, कंट्रोल बटण दाबून जवळच्या स्वच्छ जागेवर क्लिक करा, मग अक्षरांवर ब्रश फिरवा. मागे भिंत, आकाश, जमीन असेल तर काम छान होतं.

पण खूण चेहऱ्यावर किंवा हातावर आली असेल तर थांबा. तिथे एआय जे भरेल ते त्याने बनवलेलं असेल. मरहूम आजोबांचे डोळे त्यांचे न राहता कुणा भलत्याचे झाले, तर त्या सफाईचा उपयोग काय? त्यापेक्षा तारीख राहू द्या. आणि पुसायची ठरवलीच तर ती आधी फाईलच्या नावात लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी नातवंडांना हा फोटो कधीचा, हे सांगणारी तीच एक खूण असते.

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये 2012 साली दुरुस्ती होऊन कलम 65ब आलं. फोटो कोणाचा, हक्क कोणाचे हे सांगणारी माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढली किंवा बदलली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ती माहिती काढलेली आहे हे ठाऊक असून असा फोटो पसरवणाराही याच कलमात येतो. म्हणजे 'मी फक्त फॉरवर्ड केला' ही सबब दरवेळी चालेलच असं नाही.

लग्नाच्या फोटोचं मात्र वेगळं आहे. याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा ग्राहक असतो. त्यामुळे चोरून नाव पुसत बसण्यापेक्षा स्टुडिओकडे बिगर-लोगोची प्रत मागा, आणि ही गोष्ट बुकिंगच्या वेळीच कागदावर घ्या. पैसे चुकते करण्याआधी पसंतीसाठी दिलेल्या नमुना फोटोंवरचा ठसा पुसणं मात्र सरळ त्या माणसाच्या पोटावर पाय देणं आहे.

खूण पुसली की साक्ष पुसली जाते

बातमीच्या फोटोवरचा शिक्का ही त्याची ओळख असते. तो पुसला की दुसऱ्या देशातला, दुसऱ्या वर्षातला फोटो 'कालच आपल्या गावात घडलं' म्हणून फिरवणं सोपं होतं. अशा एका फोटोने वस्तीत तणाव पसरायला वेळ लागत नाही. एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात धुरकट पट्टा दिसला, कडा विचित्र कापलेली दिसली, तर पुढे पाठवण्याआधी गुगल लेन्सवर तो शोधून बघा. बऱ्याचदा मूळ फोटो, शिक्क्यासकट, तिथेच सापडतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एखादी मारहाण, तोडफोड किंवा अपघात तुम्ही स्वतः टिपला असेल, तर त्यावरची तारीख-वेळ सुद्धा पुसू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा देताना प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू नमूद करावी लागते. फाईलमध्ये कणभर बदल झाला तरी हा आकडा बदलतो. मग समोरचा वकील विचारणारच, 'आणखी काय काय बदललंत?' मूळ फाईल त्याच मोबाईलमध्ये जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि आतली माहितीही गळते, म्हणून ती प्रत मूळ समजू नका.

'मोफत वॉटरमार्क काढा' सांगणाऱ्या वेबसाईट

फोटो तिथे चढवला की तो त्यांच्या सर्व्हरवर जातो. पुढे त्याचं काय होतं, आपल्या हातात नसतं. घरातल्या बायका-मुलींचे फोटो, आधार कार्ड, शाळेचे दाखले अशा ठिकाणी टाकू नका. मोबाईलमध्येच काम करणारं अ‍ॅप बरं.

मशीद, मदरसा किंवा संस्थेच्या पोस्टरसाठी फोटो हवा असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर शोधा. तिथले फोटो खुल्या परवान्याचे असतात. परवान्यात नाव देण्याची अट असेल तर खाली छायाचित्रकाराचं नाव लिहा. नाहीतर ज्याचा फोटो आहे त्यालाच एक मेसेज टाकून विचारा. पुष्कळ जण नुसतं नाव दिलं तरी आनंदाने हो म्हणतात.