मन मोकळं करा, योग्य माणसापाशी

दात दुखला की आपण लगेच डॉक्टरांची वेळ घेतो. साखर वाढली की पथ्य सुरू करतो. पण महिनोन्महिने नीट झोप लागत नाही, क्षुल्लक कारणावरून मुलांवर ओरडणं होतं, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नाही, तेव्हा मात्र ‘होईल ठीक’ म्हणत दिवस ढकलतो. कुणी समुपदेशकाचं नाव काढलंच, तर लगेच विचारतो, ‘मला काय वेड लागलंय?’

समुपदेशनासाठी मोठा आजारच असावा लागतो, असं नाही. नव्या शहरात बदली झाली, नोकरी गेली, जवळचं माणूस गेलं, बाळंतपणानंतर उदास वाटतंय किंवा मुलं परगावी गेल्यावर घर रिकामं झालंय, अशा कोणत्याही वळणावर तुम्ही ही मदत घेऊ शकता.

मैत्रिणीशी बोलणं पुरेसं नाही का?

मैत्रीण हवीच. पण ती तुमची बाजू घेते, बहीण सल्ला देते आणि आई ऐकता ऐकता स्वतःच रडू लागते. थेरपिस्ट तुमच्या घरच्या राजकारणाबाहेरचा असतो. तो तुमच्या वतीने निर्णय घेत नाही, प्रश्न विचारतो. तुम्ही पुन्हा पुन्हा कुठे अडकता, हे तुम्हालाच दिसू लागतं. तिथलं बोलणं गुप्त राहतं. कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मात्र याला अपवाद करावा लागतो. हे नियम पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

विचार तपासायची सवय

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली एक उपचारपद्धती मांडली. मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली. तिचं म्हणणं साधं आहे, केवळ घटनेमुळे नव्हे, तर त्या घटनेकडे आपण कसं पाहतो यावरून आपला त्रास ठरतो.

समजा, साहेबांचा मेसेज आला, ‘उद्या सकाळी भेटा.’ तुम्ही ‘नोकरी गेली’ असं धरून रात्रभर जागता. शेजारच्या टेबलावरची सहकारी ‘नवं काम असेल’ म्हणून निवांत झोपते. मेसेज एकच, झोप मात्र एकीचीच उडाली. थेरपिस्ट विचारेल, ‘नोकरी गेली याला पुरावा काय? आधी असं वाटलं होतं, तेव्हा काय घडलं? खरंच गेली, तर तुम्ही काय कराल?’ मग आठवडाभर असे विचार वहीत लिहायला सांगेल. हळूहळू हे प्रश्न तुम्ही स्वतःच स्वतःला विचारू लागता. नाही म्हणणं, मदत मागणं, चूक झाली तरी स्वतःला निकामी न ठरवणं, हे सगळं इथूनच जमू लागतं.

एक लक्षात ठेवा. घरात मारहाण होत असेल, तर तो ‘विचारांचा दोष’ नाही. चांगला थेरपिस्ट तुम्हाला सहन करायला शिकवणार नाही, सुरक्षित होण्याचा मार्ग शोधायला मदत करेल. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइनही आहे.

पहिल्या भेटीत काय होतं?

भेट साधारण ४५ ते ६० मिनिटांची असते. झोप, भूक, घर, काम यांबद्दल विचारलं जातं. रडू आलं तरी संकोच नको. एका भेटीत जादू होत नाही. वर दिलेल्या प्रकारच्या उपचारांत बहुधा ६ ते २० भेटी लागतात. तीन-चार भेटींनंतरही मोकळं वाटत नसेल, तर थेरपिस्ट बदलायला हरकत नाही.

कुणाकडे जाल?

• मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, ते औषधं देऊ शकतात. काहींना औषधं आणि थेरपी दोन्ही लागतात. सुरू असलेली गोळी मनाने बंद करू नका.

• चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारा. शिक्षण, अनुभव आणि फी आधीच विचारण्यात काही गैर नाही.

• मनातलं दुःख मातृभाषेतच नीट सांगता येतं. इंदूर, बेंगळुरू किंवा दिल्लीत राहूनही व्हिडिओ कॉलवर मराठी थेरपिस्ट मिळू शकतो.

• खर्च परवडत नसेल, तर सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात चौकशी करा. केंद्र सरकारची टेली मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर २४ तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

जीव नकोसा वाटत असेल, तर वाट पाहू नका. आत्ताच १४४१६ वर फोन करा, घरातल्या एकाला सांगा आणि एकटे राहू नका. तातडीचा धोका असेल, तर ११२ वर फोन करा.

आणि हे तुमच्याबद्दल नसून घरातल्या दुसऱ्या कुणाबद्दल असेल, तर ‘तुला काय कमी आहे?’ असं म्हणू नका. शेजारी बसा आणि एवढंच विचारा, ‘पहिल्या भेटीला मी सोबत येऊ का?’